‘पड’ला इंग्रजीत काय म्हणतात?

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून आजी जे बोलल्या ते असं होतं : "मालक गेलं, पोरं बारकी. दोन वरसं रान पड पडलं हुतं. कोन कसनार? तवा सोडलंच हुतं म्हना की."

न्यायाधीशांनी सांगितलं आणि टंकलेखकानं कागदावर घेतलं ते असं : "हे म्हणणे खरे आहे की, पती मयत झाल्यानंतर मी दाव्यातील जमीन दोन वर्षे पड सोडली होती."

पुढं त्या दाव्याचं दुसरं अपील मुंबईला उच्च न्यायालयात गेलं. तिथं लावायला जबाबाचं इंग्रजी भाषांतर झालं. त्या इंग्रजीत आजींनी जमीन ‘अबँडन’ केली होती.

एकाच बाईचं एकच वाक्य, तीन कागदांवर तीन अर्थांचं. पहिल्यात रान आपोआप पड पडलं होतं. दुसऱ्यात ते आजींनी पड सोडलं होतं. तिसऱ्यात त्यांनी जमिनीवरचा हक्कच टाकून दिला होता, कारण कायद्याच्या इंग्रजीत अबँडन म्हणजे परत न येण्याच्या इराद्यानं सोडून देणं. समोर त्यांचा दीर होता, आणि त्याचं सगळं म्हणणं याच एका मुद्द्यावर उभं होतं : वहिनीनं जमीन सोडली, मी धरली, आता ती माझी.

ते भाषांतर तपासायला माझ्याकडं आलं होतं. तालुक्याच्या कोर्टात आजींची वकील मीच. मुंबईच्या वकिलांनी कुरिअरनं झेरॉक्सचा गठ्ठा पाठवला आणि फोनवर सांगितलं, मॅडम, एकदा नजरेखालून घाला. मी घातला. गट नंबर जुळवले, तारखा जुळवल्या, नावांची स्पेलिंगं दुरुस्त केली. ‘अबँडन’ या शब्दावरून माझी नजर दोनदा गेली असेल. शाळेत मी तो ‘सोडणे’ असाच शिकले होते. मूळ कागदात ‘सोडली’ होतं, इंग्रजीत सोडल्याचा शब्द होता, मी पुढचं पान उलटलं. ही चूक माझी. आज इतक्या वर्षांनीही ते पान मला तसंच दिसतं, खालच्या कोपऱ्यात शिक्का आणि वरून चौथ्या ओळीत तो शब्द.

सुनावणीला मी गेले होते. शेवटच्या बाकावर आजी आणि मी. समोरच्या वकिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की ही बाईंची स्वतःची कबुली आहे. आजींना इंग्रजी कळत नव्हतं, पण कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय हे कळत होतं. त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "काय म्हनत्यात?" मला उत्तर देता येईना. आमच्या वकिलांनी मूळ जबाब बघावा अशी विनंती केली. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आलेलं होतं. न्यायमूर्तींना मराठी येत होतं. त्यांनी तो मराठी कागद मागून घेतला, चष्मा वर करून वाचला आणि ‘पड’ हा शब्द मोठ्यानं उच्चारला. पड म्हणजे नांगरट न केलेली जमीन, हक्क सोडलेली नव्हे, असं ते इंग्रजीत म्हणाले. अपील दाखल होण्याच्या टप्प्यावरच फेटाळलं गेलं.

आजी जिंकल्या. मी मात्र रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर जागी होते. न्यायमूर्तींना मराठी येत नसतं तर? मूळ रेकॉर्ड त्या दिवशी आलेलंच नसतं तर? कराडला उतरेपर्यंत मी ठरवलं होतं की कायद्याचं इंग्रजी आपण पहिल्यापासून शिकायचं.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. एलएलबीचे पेपरही मी मराठीतून लिहिले. तालुक्यात त्यानं काही अडत नाही. १९९८ साली राज्य शासनानं अधिसूचना काढून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. दावा मराठीत, त्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत मराठीत, साक्षीपुरावा मराठीत, आणि बरेचसे निकालही. उच्च न्यायालयाचा दरवाजा आला की भाषा बदलते. संविधानाचा अनुच्छेद ३४८ सांगतो की संसद कायद्यानं वेगळी तरतूद करत नाही तोवर सर्वोच्च न्यायालयाचं आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत चालेल. त्याच अनुच्छेदात राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या संमतीनं राज्याच्या भाषेला उच्च न्यायालयात परवानगी देण्याची सोय आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या राज्यांनी ती हिंदीसाठी वापरली. मराठीसाठी ती अजून वापरली गेलेली नाही. म्हणजे आमच्या पक्षकाराचा खटला वर चढताना मध्येच एका पायरीवर परका होतो, आणि त्याच्या बाजूचा शेवटचा ओळखीचा माणूस तालुक्याचा वकील असतो. तो वकील त्या पायरीवर मुका राहिला तर पक्षकारानं कुणाकडं बघायचं?

माझ्या सीनियरना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून दिवाणी प्रक्रिया संहितेची द्विभाषिक प्रत काढली, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी, आणि एक लाकडी पट्टी दिली. म्हणाले, "रोज एक कलम. पट्टी ठेवून ओळीला ओळ लाव. जिथं मराठी वाचून तुझं समाधान होत नाही, तिथं खूण कर." मी दोनशे पानांची वही केली. पानाचे तीन भाग. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात कोर्टातली मराठी, आणि तिसऱ्यात आमच्या गावच्या माणसाला तो कसा सांगायचा ते. तिसरा भाग भरायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

कारण कोर्टातली मराठी हीसुद्धा घरातली मराठी नव्हे. ‘सबब’, ‘तहकूब’, ‘दरखास्त’, ‘मेहेरबान कोर्टास विनंती की’, ‘दाव्यास कारण अमुक तारखेस घडले’, ‘येणेप्रमाणे दावा असे’. आमच्यासाठी हे रोजचं आहे. निशाणी ५ म्हटलं की आम्हाला तूर्तातूर्त मनाईचा अर्ज डोळ्यांपुढं येतो, पक्षकाराला मात्र नुसता पाच आकडा दिसतो. वकील, जामीन, फिर्याद, मसुदा, तारीख हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी झाले. मग कॅव्हेट हा लॅटिन शब्दही तसाच आला. त्याचा मूळ अर्थ ‘सावध असावे’, आणि कोर्टात तो म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा आधीच टाकलेला अर्ज. आमच्याकडं बांधावरचा शेतकरीसुद्धा "त्यानं कॅव्हेट टाकलंय" म्हणतो आणि बरोबर अर्थानं म्हणतो. म्हणून परका शब्द कधीच आपला होत नाही असं मी म्हणणार नाही. तो होतो, पण त्यासाठी तो आधी कुणीतरी नीट समजावून सांगावा लागतो.

शिकता शिकता कळलं की इंग्लंडातल्या माणसांवरही हीच वेळ आली होती. १०६६ नंतर तिथं नॉर्मन आले आणि दरबाराची, पुढं न्यायालयांची भाषा फ्रेंच झाली. नोंदी लॅटिनमध्ये. ज्याची गाय चोरीला गेली तो इंग्रजी बोलणार आणि त्याचा न्याय फ्रेंचमध्ये होणार. १३६२ साली, तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला की न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा, कारण फ्रेंच भाषा या राज्यात फारशी कुणाला माहीत नाही आणि लोकांना आपल्या बाजूनं किंवा विरुद्ध काय बोललं जातंय ते कळत नाही. हा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. नोंदी त्यानंतरही लॅटिनमध्येच राहिल्या. सगळं कामकाज इंग्रजीत आणायला १७३३ साल उजाडलं. मी ते वाचलं तेव्हा मला आजी आठवल्या. "काय म्हनत्यात?" हाच प्रश्न सहाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये कुणीतरी विचारला होता, आणि त्यावर कायदा करावा लागला होता.

त्या इतिहासाची खूण आजच्या कायद्याच्या इंग्रजीवर आहे. ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’ अशी एकाच अर्थाच्या दोन शब्दांची जोडी का येते हे मला कोडं होतं. भाषांतर करताना मी दोन वेगळे मराठी शब्द शोधत बसायचे. खरं म्हणजे त्यातला एक शब्द इंग्रजी आणि एक फ्रेंच-लॅटिन घराण्यातला आहे. दोन्ही भाषांच्या माणसांना कळावं म्हणून दोन्ही लिहिले गेले आणि पुढं ती सवय झाली. मग लक्षात आलं की हे तर आपल्याकडंही आहे. ‘कागदपत्र’ यातला कागद फारसी, पत्र संस्कृत. ‘हक्क-अधिकार’ यात हक्क अरबी, अधिकार संस्कृत. आणि आमच्या प्रत्येक दाव्यात ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो ‘कब्जेवहिवाट’, म्हणजे ताबा आणि वापर, त्यात कब्जा अरबी आणि वहिवाट आपली. त्या रात्री मी वहीत या जोड्यांचं एक अख्खं पान लिहिलं. कायद्याच्या इंग्रजीची माझी भीती गेली ती त्या पानानं. ती भाषा आकाशातून पडलेली नाही. आपल्यासारखीच दोन राज्यकर्त्यांच्या पायाखालून गेलेली आहे.

आणखी एक गोष्ट. वादीला आपण इंग्रजीत ‘प्लेंटिफ’ म्हणतो. हा शब्द खुद्द इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांनी १९९९ साली सोडून दिला. नव्या नियमांनुसार तिथं आता ‘क्लेमंट’ म्हणतात. सामान्य माणसाला कळावं म्हणून बरेच जुने शब्द त्यांनी त्या वेळी बाजूला काढले. आपण ते अजून जपून वापरतो. मला यात चीड येण्यापेक्षा काळजी जास्त वाटते. ज्यांचे शब्द होते त्यांनी लोकांसाठी बदलले, आणि आपल्याकडं तेच न बदलण्याला विद्वत्ता म्हणतात.

पण सगळं देणं एकीकडूनच आहे असंही नाही. हे मला गहाणखतांनी शिकवलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम ५८ मध्ये गहाणाचे सहा प्रकार दिले आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना ते पाठ करताना घाम फुटतो. आमच्या गावात ज्यानं कधी शाळा पाहिली नाही त्या म्हाताऱ्याला यातले तीन तरी नीट माहीत असतात. जमीन मालकाच्याच ताब्यात ठेवून कर्ज काढलं तर ते नजरगहाण. सावकारानं जमीन ताब्यात घेऊन उत्पन्न खायचं तर ताबेगहाण. आज खरेदीखत करून द्यायचं आणि मुदतीत पैसे फेडले की जमीन परत, तर मुदतखरेदी. एकेका शब्दात आख्खा व्यवहार. इंग्रजीतला ‘मॉर्गेज’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘मृत तारण’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आला. त्यापेक्षा ‘नजरगहाण’ किती बोलका आहे : जमिनीवर नुसती नजर, हात नाही.

आणि ‘रेस ज्युडिकाटा’. एकदा निकाल लागलेल्या वादावर त्याच पक्षकारांनी पुन्हा दावा आणायचा नाही, हे दिवाणी संहितेचं कलम ११. कॉलेजात हा लॅटिन शब्द मी धसका घेऊन पाठ केला होता. त्याला मराठीत ‘प्राङ्न्याय’ म्हणतात, आणि मला वाटायचं की हा भाषांतर करणाऱ्या कुणीतरी टेबलावर बसून बनवलेला अवघड शब्द आहे. तसं नाही. आपल्या धर्मशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. आरोप नाकारणं म्हणजे मिथ्या. कबूल करणं म्हणजे संप्रतिपत्ती. कबूल करून वेगळं कारण सांगणं म्हणजे प्रत्यवस्कंदन. आणि ‘याचा निवाडा पूर्वीच झालाय’ असं सांगणं म्हणजे प्राङ्न्याय. कल्याणीला चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वरानं मिताक्षरा हा ग्रंथ लिहिला, नऊशेच्या वर वर्षं झाली, त्यात हे आहे. आम्ही आजही कैफियत लिहितो तेव्हा परिच्छेदाला परिच्छेद लावून हेच करतो : हे मान्य नाही, हे मान्य आहे, हे मान्य आहे पण, आणि याचा निकाल आधीच लागलाय. शब्द जुना होता, फक्त तो माझ्यापर्यंत आलेला नव्हता.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापूरला सुरू झालं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथं चालतं. चाळीस वर्षांहून जास्त काळ या भागातल्या वकिलांनी त्यासाठी मोर्चे काढले, उपोषणं केली, काम बंद ठेवलं. माझे सीनियर त्यांतल्या कितीतरी आंदोलनांत होते. पक्षकारानं रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचं, तिथं ‘आज बोर्डावर लागलं नाही’ हे ऐकायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, हे मी स्वतः किती वेळा पाहिलंय. ते संपलं याचा आनंद मोठा आहे.

त्याबरोबर एक नवी गोष्ट झाली. तालुक्यातली तरुण मुलं-मुली आता स्वतः उच्च न्यायालयात उभी राहू शकतात. सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी. अंतर मिटलं, भाषा उरली. म्हणून गेल्या सप्टेंबरपासून दर रविवारी सकाळी दहाला आमच्या बाररूममध्ये आम्ही सहा-सातजण बसतो. चहा कँटीनवाल्या काकांकडून येतो. माझी ती दोनशे पानांची वही मध्ये ठेवलेली असते, आता तिच्या कडा मऊ झाल्यात.

नियम एकच. शब्द घ्यायचा आणि तो इंग्रजीही न वापरता आणि कोर्टाची मराठीही न वापरता सांगायचा.

पहिल्याच रविवारी ‘एक्झिक्युशन’ आला. एका ज्युनियर मुलीनं एका खरेदीखताबद्दलचं इंग्रजी वाक्य वाचलं आणि त्याचं मराठी केलं, "वादीने दिनांक अमुक रोजी खरेदीखताची अंमलबजावणी केली." सगळे थांबले. दस्ताच्या बाबतीत एक्झिक्यूट करणं म्हणजे सही-अंगठा करून दस्त करून देणं. आपण साधं म्हणतो, ‘खरेदीखत करून दिलं’. हुकूमनाम्याच्या, म्हणजे दाव्याच्या निकालावरून कोर्टानं काढलेल्या हुकुमाच्या, बाबतीत तोच शब्द म्हणजे अंमलबजावणी, त्यासाठीची दरखास्त, बेलिफ, ताबा वॉरंट. आणि फौजदारीत देहदंडाच्या बाबतीत तोच शब्द म्हणजे फाशी देणं. इंग्रजीत तिन्हीचा धागा एक आहे, ठरलेलं शेवटास नेणं. मराठीनं मात्र तीन ठिकाणी तीन शब्द ठेवले, आणि मला ते आवडतं. दरखास्तीवरून मी त्यांना १८७२ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजी राज्यातल्या लंडनच्या सर्वांत वरच्या कोर्टाच्या, निकालाची गोष्ट सांगितली. त्यात म्हटलं होतं की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होतात. दीडशेहून जास्त वर्षं झाली. आमच्या तालुक्यात आजही दाव्याच्या निकालाचे पेढे वाटले जातात आणि ताब्यासाठी पुढची पिढी दरखास्त चालवते. मुलं गप्प झाली. त्यांच्या घरातल्याही अशा दरखास्ती आहेत.

पुढच्या रविवारी अपील, रिव्हिजन आणि रिव्ह्यू हे तीन शब्द घेतले, कारण पक्षकाराला तिन्ही ‘वरच्या कोर्टात जाणं’ वाटतात. मराठीत पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन म्हटलं तर गोंधळ आणखी वाढतो. एक मुलगा शेतकऱ्याच्या घरातला. तो म्हणाला, "अपील म्हणजे पुन्हा सगळं वजन करायचं. रिव्हिजन म्हणजे काटा बरोबर होता का एवढंच वरच्यानं बघायचं. रिव्ह्यू म्हणजे ज्यानं वजन केलं त्यालाच सांगायचं, साहेब, आकडा लिहिताना चुकलाय, एकदा बघा." मी ते तसंच वहीत लिहून घेतलं. दुसरं अपील त्यात कुठं बसतं, असं त्याला विचारलं. तिथं पुन्हा वजन होत नाही. दिवाणी संहितेचं कलम १०० म्हणतं की कायद्याचा सारभूत प्रश्न असेल तरच. म्हणूनच खालच्या कोर्टात कागदावर आलेला प्रत्येक शब्द पुढं दगडासारखा पक्का होतो. हे सांगताना मी त्यांना आजींची गोष्ट पहिल्यांदा सांगितली, माझ्या चुकीसकट.

काही शब्द झटपट होतात. ‘लीव्ह’ म्हणजे इथं रजा नव्हे, परवानगी. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, मोबदला. ‘डिस्चार्ज’ म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून सुटका, आणि ‘अ‍ॅक्विटल’ म्हणजे खटला चालून निर्दोष ठरणं. वर्तमानपत्रात पहिल्याला दोषमुक्त आणि दुसऱ्याला निर्दोष मुक्तता म्हणतात, वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, आणि गावात त्या माणसाकडं बघण्याची नजर त्यावर ठरते. जामीन या शब्दावर मात्र तासभर गेला, कारण मराठीत जामीन मिळतोही आणि माणूस जामीन राहतोही. एका इंग्रजी आदेशात अट जामीनदाराची होती की नुसत्या जातमुचलक्याची, म्हणजे आरोपीनं स्वतःच लिहून द्यायच्या हमीची, हे न कळल्यानं एखादा माणूस चार दिवस जास्त आत राहू शकतो. शब्द शिकायचे ते यासाठी.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. नावं संस्कृत झाली, कलमांचे आकडे हलले. लोकांच्या तोंडातला ‘चारशे वीस’ मात्र जागचा हलला नाही, तो कागदावर आता तीनशे अठरा आहे. मुलांना मी सांगते, दोन्ही लिहून ठेवा, जुने खटले जुन्याच आकड्यांनी अजून कित्येक वर्षं चालणार आहेत.

ऑक्टोबरात आमच्यातली ती ज्युनियर मुलगी, ‘अंमलबजावणी’वाली, कोल्हापूरला पहिल्यांदा उभी राहिली. दुसरं अपील. तिची पक्षकार एक मावशी, आमच्याच तालुक्यातल्या. खालच्या कोर्टात जिंकलेल्या, जिल्हा कोर्टात हरलेल्या. समोरच्यानं ताब्यासाठी दरखास्तही टाकली होती. जमीन अजून मावशींच्याच ताब्यात, पण भीतीनं त्यांनी रब्बीसाठी रान तयार करून तसंच ठेवलेलं. मी सोबतीला गेले होते, मागं बसले. मुलीचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, दुसऱ्याला नाही. भाषांतराच्या प्रत्येक पानावर तिनं स्वतः मूळ मराठीशी ओळीला ओळ लावलेली होती, पट्टी ठेवून. न्यायमूर्तींनी एक पान विचारलं, तिनं मूळ कागद आधीच खूण करून ठेवलेला पुढं केला.

आदेश झाला. समोरच्याला नोटीस, आणि पुढच्या तारखेपर्यंत ताब्याबाबत ‘स्टेटस को’.

बाहेर व्हरांड्यात मावशी खांबाला टेकून उभ्या होत्या. "काय म्हनलं कोर्ट?"

मुलगी म्हणाली, "मावशी, जैसे थे ठेवायचं सांगितलंय."

मावशींनी थोडा वेळ विचार केला. "जैसे थे म्हंजी? रान आता पडंच हाय. मंग पडच ठिवायचं व्हय?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. तिनं मावशींचा हात धरला.

"नाही मावशी. आज ताबा तुमचा आहे, तो तुमचाच राहील. पुढच्या तारखेपर्यंत त्यांनी तुमच्या रानात पाय टाकायचा नाही. तुम्हीही रान दुसऱ्या कुणाला करायला द्यायचं नाही. पण तुम्ही दरसाल कसता तसंच कसायचं."

"मंग जुंधळा पेरू?"

"पेरा."